टेकडीच्या नळातली हवा

३ मार्च, मंगळवार

ताईचं नाव लाल झालं!

नाव म्हणजे तिच्या लॉन्ड्रीचं नळ कनेक्शन. सकाळी पालिकेच्या पाणीपुरवठा कंट्रोल रूममध्ये पर्स टेबलावर ठेवली, भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर टेकडीचा भाग उघडला, तर हिरव्या ठिपक्यांत एकच लाल. त्यावर गेले. 'संशयास्पद वापर. तपासा.' खाली पत्ता. पत्ता वाचायची गरज नव्हती. लग्नाआधी मीही त्याच घरात राहत होते.

ही नवी सिस्टीम आल्यापासून कोणत्या भागाला किती वेळ पाणी सोडायचं ते तीच ठरवते. घरोघरी मीटर, मीटरचे आकडे थेट इथे. ज्या भागाने जास्त वापरलं त्याची वेळ कमी, ज्याने कमी वापरलं त्याची जास्त. सगळ्यांना सारखं. ऐकायला किती गोड! पूर्वी व्हॉल्व्ह फिरवणारे मामा होते, ते स्वतःच्या सासुरवाडीला तासभर जास्त पाणी द्यायचे आणि सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. सिस्टीमला सासुरवाडी नाही, असं साहेब प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि स्वतःच हसतात.

तर या सिस्टीमच्या हिशेबात आख्ख्या शहरात टेकडी सगळ्यांत अधाशी. म्हणून टेकडीची वेळ घटत घटत दुपारच्या जेमतेम थोड्या वेळावर आलीय. आणि टेकडीवरचे लोक म्हणतात, आम्हाला पाणीच येत नाही. कोणीतरी खोटं बोलतंय. आणि मीटरला तर तोंड नाही.

लाल ठिपका आला की मी शेरा लिहायचा. 'चोरीची शक्यता' असा शेरा गेला की कनेक्शन तोडतात. धुलाईवालीचं पाणी तोडायचं म्हणजे तिचं दुकानच बंद करायचं.

४ मार्च, बुधवार

शेरा लिहिला नाही. डोकं दुखतंय सांगून लवकर निघाले. दुखत नव्हतं.

७ मार्च, शनिवार

आज धीर करून ताईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलले, भाऊजींच्या कंबरेची चौकशी केली. मग म्हटलं, "ताई, तू लाइनीवर मोटर-बिटर तर लावली नाहीस ना?"

पलीकडे इस्त्री आपटल्याचा आवाज आला.

"हे तू विचारतेयस की तुझं ऑफिस?"

मी म्हटलं, मीच. तसं नाही गं, आकडे जास्त दिसतायत म्हणून—

"तुला आकडे दिसतात. मला रिकामे ड्रम दिसतात. ठेव फोन."

ठेवला तिनेच.

नवरा म्हणाला, "सख्ख्या बहिणीला चोर म्हणालीस." मी म्हटलं, चोर असं म्हणाले नाही. तो म्हणाला, "मग काय म्हणालीस?" मी त्याच्यावरच खेकसले. बिचारा भांडी घासत होता.

पण खरं काय ते या पानाला तरी सांगते. मला वाटलं होतं. एक क्षण नाही, चार दिवस वाटत होतं की ताईने मोटर लावलीय. लहानपणापासून जिने कधी दुसऱ्याची पेन्सिल घेतली नाही तिच्याबद्दल! एका लाल ठिपक्यावरून!

८ मार्च, रविवार

टेकडीवर जाऊन आले. न कळवता.

ताईने दार उघडलं, 'ये' म्हणाली नाही, पण बाजूला झाली. लॉन्ड्रीत पालिकेच्या दवाखान्यातल्या चादरींचे गठ्ठे छतापर्यंत. धुवायच्या. मशिनं कोरडी. भाऊजी कोपऱ्यात उशी लावून बसलेले. ते म्हणाले, "सरकार आलं वाटतं!" मी हसले. ताई हसली नाही.

मोटर कुठेही नव्हती. मी सगळीकडे पाहिलं आणि मी पाहतेय हे ताईने पाहिलं.

पण एक गोष्ट मात्र चमत्कारिक. मशिनांचा, मोरीतला, अंगणातला, घरातला प्रत्येक नळ पूर्ण उघडा. खाली बादली. शेजारी डोकावले, तिथेही तसंच. टेकडीवर कोणी नळ बंद करतच नाही म्हणे. पाणी सांगून येत नाही आणि आलं तर थोडाच वेळ थांबतं. नळ उघडे ठेवले की बादलीत धार पडल्याचा आवाज येतो, मग सगळे धावतात. "बंद नळाच्या घरचं पाणी येऊन जातं आणि कळतही नाही," ताई म्हणाली. माझ्या लहानपणी असं नव्हतं. पण मी लग्न होऊन गेले, त्यानंतर हे कधी सुरू झालं, ते मला तरी कुठे माहीत?

दुपारी बसलो होतो तर मोरीतला नळ शीळ घालायला लागला. मग अंगणातला. मग मशिनांचे सगळे. एवढ्या शिट्ट्या की भाऊजींनी कानांवर हात ठेवले. मी म्हटलं, हे काय? ताई म्हणाली, "रोजचंच. आधी हवा येते. मग नशिबात असेल तर पाणी."

मी उठून मीटरपाशी गेले. काटा भिंगरीसारखा गरगरत होता! नळाखाली हात धरला. कोरडा वारा. थेंब नाही.

रिकाम्या पाइपात पाणी शिरलं की ते आतली हवा पुढे ढकलतं. हवा वर जाते, म्हणजे टेकडीवर, उघड्या नळांतून बाहेर पडते. आणि जाता जाता मीटर फिरवते. ताईकडे सगळ्यांत मोठी लाइन, सगळ्यांत जास्त नळ. म्हणून सगळ्यांत जास्त हवा तिच्याकडून जाते. ही माणसं पाण्याची वाट बघत बसतात आणि आमची सिस्टीम ते वाट बघणंच पाणी म्हणून लिहिते. वर त्यांची वेळ कापते. वेळ कापली की पाइप आणखी रिकामे, हवा आणखी जास्त, आकडा आणखी मोठा. आगीतून फुफाट्यात!

मी मीटर सोडून ताईकडे वळले. ताईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "तू चोर नाहीस."

ती म्हणाली, "ते मला माहीत होतं."

नंतर पाणी आलं. करंगळीएवढी धार. अर्धा ड्रमही भरला नाही.

११ मार्च, बुधवार

साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मीटर हवा मोजत नाही. करारात तसं स्पष्ट आहे."

मी म्हटलं, हवेने करार वाचला नसावा.

साहेबांना विनोद फक्त स्वतःचे आवडतात. त्यांनी सिस्टीम बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावलं. आम्ही त्याला लॅपटॉप म्हणतो, कारण तो लॅपटॉपशिवाय कुणी पाहिलेला नाही. लॅपटॉपने लॅपटॉप उघडला. "डेटामध्ये हवा असं काही दिसत नाही, मॅडम."

कशी दिसणार? तिला रकानाच नाही! पाणी एवढाच रकाना आहे. जे फिरलं ते पाणी.

बाहेर आले ते रागाने. जिना उतरताना दोनदा थांबले. परत वर जाऊन ओरडावं असं वाटलं. गेले नाही.

१६ मार्च, सोमवार

आज धमाल झाली. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून साहेब आणि लॅपटॉप दोघेही टेकडीवर आले. 'संयुक्त पाहणी' असं कागदावर. चढ चढताना साहेबांना धाप लागली, आणि मला त्यांची दया आली नाही हे इथे नोंदवून ठेवते.

ताईने त्यांना खुर्च्या दिल्या, चहा नाही. "पाणी नाही," एवढंच म्हणाली. मग ती धुतलेल्या सूटवर घालतात तसली मोठी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली, मशिनच्या नळाला तोंडाशी दोरीने गच्च आवळून बांधली, आणि हाताची घडी घालून उभी राहिली. तिला हे कोणी सुचवलं? मी नाही.

शिट्ट्या सुरू झाल्या. पिशवी हलली. फुगली. टम्म! लॅपटॉप मीटरपाशी उकिडवा बसला होता, त्याचा चष्मा नाकावर घसरलेला. काटा गरगर, गरगर. पिशवी साहेबांच्या पोटाएवढी झाली, मग त्याहून मोठी, आणि मग फाटकन फुटली. साहेब खुर्चीवरून उडालेच! भाऊजी हसून हसून कंबर धरून बसले.

ताई म्हणाली, "हे बघा साहेब, हे मी वापरलेलं पाणी. यात तुमच्या चादरी धुऊ का?"

लॅपटॉपने हळूच फाटकी पिशवी उचलली, आत हात घालून पाहिला. कोरडी. तो म्हणाला, "इंटरेस्टिंग."

१७ मार्च, मंगळवार

लाल ठिपका गेला. मी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला, 'मीटरमधून हवा. ग्राहकाची चूक नाही.' ताईला फोन करून वाचून दाखवला. ती म्हणाली, "पुन्हा वाच." पुन्हा वाचला.

मग म्हणाली, "रविवारी जेवायला ये."

रडू आलं. आलं तर आलं.

२० मार्च, शुक्रवार

उपाय ठरला. टेकडीच्या माथ्यावर हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवणार. हवा तिथून जाईल, घरांत जाणार नाही. पण लोकांनी नळ उघडे ठेवले तर हवा पुन्हा सोपी वाट धरणार. म्हणून लॅपटॉपचं म्हणणं, आधी सगळ्यांनी नळ बंद ठेवायचे. पाइप भरून पुरेसा दाब आला की सिस्टीम सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप पाठवेल. मग उघडायचे. जुने आकडे पुसून टेकडीची वेळही पूर्ववत.

मला पटलं. अगदी पटलं. ओरडून मागितलेलं हातात आल्यावर माणूस ते उलटसुलट करून बघत नाही.

साहेब म्हणाले, "लोकांना तुम्ही समजवा. तुमचं माहेर आहे, तुमचं ऐकतील." गरज सरो आणि वैद्य मरो असं यांचं नेहमीचं, पण आज वैद्य मी होते म्हणून मीच फुगले!

२२ मार्च, रविवार

जेवायला गेले ते भांडायलाच गेल्यासारखं झालं.

"नळ बंद ठेवायचे?" ताईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "उघडे ठेवून येत नाही, ते बंद ठेवून येणार?"

मी समजावलं. हवा, दाब, निरोप, सगळं. कागदावर पाइप काढून दाखवला. भाऊजींना पटलं. ताईला नाही.

"आणि निरोप आलाच नाही तर?"

"येणार."

"तू पाठवणार?"

"सिस्टीम पाठवणार. पण मी समोर बसलेली असेन ना!"

"त्या दिवशीही तू समोरच बसली होतीस. मी लाल झाले तेव्हा."

मी पाइप काढलेल्या कागदाची घडी घातली. मग मी म्हटलं, ताई, सिस्टीमवर नको, ऑफिसवर नको, माझ्यावर तरी ठेवतेस का विश्वास? एकदाच.

तिने खिडकीतून खालच्या घरांकडे पाहिलं. "इथे सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी नळ बंद केला तर ते करतील. माझं हसं झालं तर मी पुन्हा कुणाला तोंड दाखवणार नाही. तुलासुद्धा."

मी म्हटलं, नाही होणार.

२८ मार्च, शनिवार

माथ्यावर व्हॉल्व्ह बसला. छोटासा, घुमटासारखा. मी हात लावून आले.

१ एप्रिल, बुधवार

शनिवारी बंद नळांचा पहिला दिवस. ताई संध्याकाळी घरोघरी फिरतेय म्हणे. काही घरांत तिला वेड्यात काढलं. एका बाईने दारच लावून घेतलं. तिथे ताई पुन्हा गेली. मला हे भाऊजींनी सांगितलं, ती नाही सांगणार.

साहेब परगावी परिषदेला निघाले. विषय काय, तर आमची टेकडी! फुगलेल्या पिशवीची गोष्ट ते स्वतःची म्हणून सांगणार, पैज लावते.

३ एप्रिल, शुक्रवार

बसवत नाही. उभं राहवत नाही. दोनदा लॅपटॉपला विचारलं, सगळं तपासलंस ना? "हो मॅडम." टेकडीला पाणी सोडणारा व्हॉल्व्ह हाताने उघडायची वेळ आली तर? "त्याची गरज पडणार नाही. आणि तो पासवर्ड साहेबांकडे असतो." नवरा म्हणतो, झोप. झोप काय बाजारात मिळते?

४ एप्रिल, शनिवार

दुपारी टेकडीला पाणी सोडणारा व्हॉल्व्ह उघडला आणि पाइप भरायच्या आतच मिटला. नळ सगळे बंद, म्हणून एकाही मीटरचा काटा हलला नव्हता ना! स्क्रीनवर ओळ आली, 'मागणी नाही. पुरवठा रद्द. वेळ इतर भागांना वाटली.' निरोप गेलाच नाही. साहेबांचा फोन बंद. लॅपटॉप म्हणाला, सिस्टीम बरोबरच वागली, मॅडम.

ताईला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली, "तू काळजी करू नकोस गं. एकाचाही नळ उघडा नाहीये. मी आत्ताच सगळ्यांकडे बघून आले. तू शब्द दिलायस म्हटल्यावर सगळे शांत बसलेत."