लूकच्या पुढची जागा

३ फेब्रुवारी, सकाळी सहा पस्तीस
वही नवी. आधी फेब्रुवारीतला 'ब्रु' ऱ्हस्वच असल्याची खात्री केली.
पाच तारखेपासून मी शीतगृहात क्रेट उचलणार नाही, रजिस्टर लिहिणार. सहा खोल्या. दर दोन तासांनी प्रत्येकीचं तापमान, पंखा आणि दाराचं रबर पाहायचं आणि खोलीमागे एक ओळ लिहायची. इंग्रजीत, कारण रजिस्टर आता हेड ऑफिसला जातं. माझं अक्षर बघून साहेबांनी मला निवडलं. शिक्षण किती ते त्यांनी विचारलं नाही. नववी हे मी सांगितलं नाही.
वीस तारखेला हेड ऑफिसच्या बाई तपासणीला येणार. पसंत पडलो तर कायम, आणि राहायला कंपनीची खोली. नाही तर पुन्हा क्रेट, आणि ताईच्या स्वयंपाकघरात फ्रिजला पाय लावून झोपणं.
पण योजना तयार आहे.

४ फेब्रुवारी
योजना अशी. एकच क्रियापद, पण पक्कं. माझं काम पाहण्याचं, म्हणजे 'लूक' पुरे.
जुन्या पुस्तकांच्या दुकानातून व्याकरण आणलं. लूकच्या पुढे ॲट, आफ्टर, फॉर, इन्टू, ओव्हर, अप, आउट अशी चौदा मंडळी लागलेली. प्रत्येकाबरोबर त्याचा अर्थ वेगळा. आफ्टर लावलं की सांभाळणं, फॉर लावलं की शोधणं, इन्टू लावलं की चौकशी. म्हणजे पंखा पाहिला म्हणून लिहायला जावं आणि पंखा हरवला होता असं निघावं. खाली माझी सही.
रोज दोन शिकणार. दहा तारखेला संपतील. पुढे नऊ दिवस उजळणी.

५ फेब्रुवारी
सकाळी आठची पहिली ओळ. 'लूक्ड' लिहिलं आणि पेन थांबलं. थंडीने नव्हे, मी तेव्हा बाहेर टेबलाशी होतो.
उपाय सुचला. लूकच्या पुढे अंगठ्याएवढी जागा सोडायची, तिथे पेन्सिलीचं टिंब, पुढची ओळ सुरू. खात्री झाली की जागा भरायची. घाईने चुकीचं लिहिण्यापेक्षा हे बरं. दिवसात चोवीस ओळी, चोवीस जागा. पान फार स्वच्छ दिसतं.

६ फेब्रुवारी
ताईला लूकचं सांगितलं. ती कुरिअरच्या काउंटरवर दिवसभर इंग्रजी बोलते. म्हणाली, मी सरळ म्हणते, सर, पार्सल लूक, साइन हियर. पुढे काही लावत नाही. आजवर एक माणूस तरी पार्सल न घेता गेलाय का?
मी म्हटलं, तू नशिबावर चाललीयेस. ती म्हणाली, आणि तू कशावर, टिंबांवर? भाऊजी भिंतीकडे तोंड करून हसले.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
डबा विसरलो म्हणून सुटल्यानंतर परत गेलो. मामा तीन नंबरच्या खोलीत शिडीवर होते. मामा म्हणजे आमचे मेकॅनिक, दोन वर्षांत रिटायर होणार, सगळे त्यांना मामाच म्हणतात. चार वाजता मी रजिस्टर त्यांच्या टेबलावर ठेवून निघतो, ते पाचला सुटतात. आज सव्वापाच झाले होते आणि ते पंखा उघडून बसले होते. तोच पंखा मी दोन वाजता पाहिला होता.
डबा न घेताच पळालो.

१० फेब्रुवारी
लपून पाहिलं. मामा सहाही खोल्या पाहतात. दाराच्या फटीत कागदाची पट्टी घालून रबर तपासतात. सगळं माझ्यामागे, माझ्या रजिस्टरवर बोट ठेवून.
माझ्या चुका शोधतायत. वीस तारखेला बाईंसमोर मांडणार. पाचावर धारण बसली आहे.
चौदापैकी चार झाले. मनःस्थिती पाहता ठीक.

१२ फेब्रुवारी
भाऊजींनी विचारलं, खरंच काही बिघडलं तर काय करशील? मी म्हटलं, लूक इन्टू करीन. म्हणाले, त्याला किती दिवस लागतात?
शिकलेल्या माणसाला घरात किंमत नसते.

१४ फेब्रुवारी
मामांनी गाठलं. डोळे लाल, आवाज मात्र मऊ. म्हणाले, बाळा, तब्येत बरी आहे ना? काम झेपतंय ना? काही राहून जात असेल तर मोकळेपणी सांग.
सापळा लगेच ओळखला. म्हटलं, माझ्याकडून काहीही राहत नाही, मामा. ते बरं म्हणाले. त्या 'बरं'ने दुपारचं जेवण गेलं नाही.

१६ फेब्रुवारी
आज वाईट दिवस.
दोनच्या फेरीला चार नंबरमध्ये उणे अठराऐवजी उणे अकरा. आत वाटाण्याच्या चारशे पेट्या. साहेब फोनवर होते. त्यांना इंग्रजीत सांगावं म्हणून वाक्य जुळवलं, पण लूकपाशी अडलं. आणि तापमान वर गेलं म्हणायचं की खाली, आकडा तर लहान झाला. नियमाप्रमाणे रजिस्टरमध्ये ओळ लिहिली. दोन जागा सोडल्या. चार वाजता निघालो.
मामांनी साडेचारला चार नंबर उघडली. रबर फाटलेलं. सहापर्यंत बसवलं. माल वाचला.
साहेबांनी त्यांची पाठ थोपटली म्हणे. मला उद्यापर्यंत वेळ मिळाला असता तर मीही शोधून काढलं असतं. मामांना फक्त घाई होती.

१९ फेब्रुवारी
उद्या तपासणी. दोन सुट्ट्या सोडून, आजच्या धरून तीनशे तेरा मोकळ्या जागा. चौदापैकी सहा झाले, त्यातले दोन एकमेकांत मिसळतात.
धाडस केलं. चार वाजल्यानंतर रजिस्टर मामांकडे न ठेवता पुढ्यात घेऊन बसलो आणि सगळ्या जागांत 'ॲट' भरलं. अक्षर सारखं, शाई सारखी, टिंबं पुसून. पान बघून डोळे निवले. आता मामांनी बोट कुठे ठेवायचं ते ठेवावं.

२० फेब्रुवारी
बाई आल्या. मराठीत बोलल्या. सुरुवातीपासून.
माझं रजिस्टर चाळलं, छान म्हणाल्या. एकदाच. मग मामांकडे वळल्या. दारं कधी उघडली याची नोंद यंत्रात आपोआप होते. त्यांनी विचारलं, दोन आठवडे रोज संध्याकाळी दोन-दोन तास सहाही दारं का उघडली? केवढी थंडी वाया गेली.
मामा म्हणाले, ओळी अपुऱ्या होत्या, बाई. आपल्याकडे अपुरी ओळ म्हणजे न झालेलं काम. ते पाहिल्याशिवाय घरी जायचं नाही, हे पहिल्यापासून आहे.
बाईंनी रजिस्टर त्यांच्यापुढे फिरवलं. दाखवा कुठली अपुरी.
मामांनी पान उलटलं. अजून एक. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टर मिटलं. बाई म्हणाल्या, म्हणजे विनाकारण? या वयात?
तेव्हा जी भीती वाटली ती आधीच्या सगळ्या भीतींहून वेगळी होती. तोंडातून निघून गेलं, बाई, जागा मी काल भरल्या.
याला मी कबुली म्हणणार नाही. दुरुस्ती.
बाईंनी विचारलं, सोळा तारखेला चार नंबर गरम झाली तेव्हा तू काय केलंस? मी म्हटलं, जागा सोडली.

२१ फेब्रुवारी
क्रेट.
रजिस्टरही बंद होणार. पुढच्या महिन्यापासून छापील चौकोन, त्यात फक्त बरोबरची खूण. खुणेला पुढे काही लागत नाही. खुणा मामा करणार.
जेवणाच्या सुट्टीत मामांजवळ बसलो. आधी का नाही बोललात, विचारलं. म्हणाले, वाटलं पोरगं नवीन आहे, सगळं जमत नाहीये, पण प्रामाणिक आहे, न झालेलं झालं म्हणून लिहीत नाही. तपासणीआधी तुझी लाज कशाला काढायची? म्हटलं, आपणच करून टाकू.
डबा उघडला. तसाच बंद केला.

२२ फेब्रुवारी
चार नंबरमध्ये बेचाळीस क्रेट ठेवले. दार लावलं. कागदाची पट्टी घालून रबर सगळीकडून पाहिलं. मामांकडे जाऊन म्हटलं, चार नंबर पाहिली, ठीक आहे.
ते म्हणाले, बरं. पिशवी उचलली आणि पाचला घरी गेले.