भाकर चावताना दुखणारा कान

प्रिय कौशल्या,

लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि ‘प्रिय’ आज पहिल्यांदा लिहितोय, हसू नको. तसंही डॉक्टरीणबाईंनी तुला तोंड फार उघडू नको म्हणून सांगितलंय. फोन केला असता, पण तू उपचारासाठी प्रणालीकडे आहेस, तिथं फोन तीच उचलते, आणि लेकीसमोर मला हे बोलवणार नाही.

इकडे भातकुलीत ठीक आहे. हरभरा घरात आला. शेजारची तानुबाई रोज दोन भाकरी टाकून जाते आणि तुझी चौकशी करते. काल तिला सांगितलं, कौशल्याचा कान ठणठणीत आहे, दुखतो तो कानापुढचा जबड्याचा सांधा. तिला काही पटेना. मग तू कानाच्या डॉक्टरांपुढे जे बोललीस तेच तिला ऐकवलं. ताप नाही, कान वाहत नाही, ऐकू नीट येतं, कान ओढला तरी दुखत नाही. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडलं की मात्र कट्‌कन वाजतं. सातवी शिकलेली बाई तू, पण पाच महिने स्वतःच्या दुखण्यावर असं ध्यान ठेवलंस की डॉक्टरांनी कानात पाहून तेच सांगितलं आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. खुर्चीत बसल्याबसल्या माझी छाती फुगली.

आणि मी? दिवाळीतच तू म्हणाली होतीस, “अजी, कान दुखते तं भाकर चावतानीच काहून दुखते? खिचडीच्या दिवशी तं बरं रायते.” मी म्हटलं, “तुले काय समजते? पड आडवी,” आणि लसणाचं तेल गरम करून कानात सोडलं. तेही कितीदा! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कान बिघडला नाही हे नशीब, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी खाली पाहत होतो. तू मात्र माझीच बाजू घेतलीस.

पुढे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसा दात आवळून धरता का, मनाला काही लागलंय का? तू ‘काही नाही’ म्हणालीस. खोटं बोललीस, कौशल्या. तीन वर्षांपूर्वी नितेशनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून मी पोटच्या पोराला घराचं दार बंद केलं. तेव्हापासून मी समोर बसलो की तुझा गाल घट्ट होतो. मला दिसत होतं. तू एकदाही भांडली नाहीस, आणि मी समजत राहिलो की तुलाही पटलं. अशा दुखण्याला कारणं बरीच असतात, असं बाई म्हणाल्या. असतील. त्यातलं माझ्या वाटणीचं मला ठाऊक आहे.

परवा अमरावतीला जाऊन नितेशचं दार वाजवलं. सीमानं, आपल्या सुनेनं, उघडलं. दोघांची माफी मागितली, नीट जमली नाही. पोरगा रडला, मीही रडलो. नात अगदी तुझ्यावर गेली आहे. शनिवारी तुला न्यायला मी येणार नाही. नितेश येईल, सीमाला आणि नातीला घेऊन. तुम्ही चौघं सोबतच आपल्या घरी या.

तुझाच,
खुशालराव