स्टेबिलायझरचे ग्रेटेस्ट हिट्स

३ फेब्रुवारी
सकाळी सिद्धेशचा पुण्याहून फोन. बँडला पंधरा वर्षं झाली म्हणून त्यांचा अल्बम येतोय, ग्रेटेस्ट हिट्स. अकरा जुनी गाणी, एक नवं. लाँच लखनौलाच, अठ्ठावीसला, कारण 'स्टेबिलायझर' सुरू झाला तो आमच्या वृंदावन योजनेतल्या गॅरेजात. म्हणाला, सब पुराने गाने हैं आई, तुझे तो याद ही होंगे.
मी म्हटलं, अर्थात.
एकही आठवत नाही. पण पाठिंबा पहिल्यापासून होता, ते महत्त्वाचं.
संकल्प: रोज एक गाणं, शेवटपर्यंत. आजपासूनच.

दुपारी
ह्यांनी दहा किलो मटार आणलेत. एवढी वर्षं प्रयोगशाळेत मिलिग्रॅममध्ये मोजणाऱ्या माणसाला सब्जीवाला भैया दिसला की काय होतं कोण जाणे. मटार सोलताना कानात काही घालू नये, अळीकडे लक्ष राहत नाही. उद्यापासून.

५ फेब्रुवारी
पहिलं गाणं ऐकलं. जवळजवळ. आधी गिटार, मग ड्रम, मग सिद्धेश ओरडला. बंद केलं. पण सुरात ओरडला. नागपूरला कॉन्व्हेंटच्या क्वायरमध्ये सिस्टर बर्नडेट म्हणायच्या, या मुलीचा कान तयार आहे. तयार कानाला एक मिनिट पुरतं.
हे म्हणाले, शितावरून भाताची परीक्षा करतात, मुलाची नव्हे. निवृत्तीनंतर फार बोलायला लागलेत.

७ फेब्रुवारी
छावणीत कल्पनाताईंकडे महिला मंडळाची मीटिंग. लाँचचं जाहीर केलं. इतकी वर्षं मंडळात सगळ्यांचा समज होता की सिद्धेशचा स्टेबिलायझरचा बिझनेस आहे. मी तसं कधी म्हटलं नव्हतं. कुणी विचारलं, काय, स्टेबिलायझर कसं चाललंय, तर मी छान म्हणायची. त्यात खोटं काय?
आज सांगून टाकलं की गातो. कल्पनाताईंनी विचारलं, भावगीतं का? मी म्हटलं, त्याच अंगाचं, थोडं मॉडर्न. सगळ्या यायला तयार. गाडी ठरवणार आहेत.
घरी येताना रिक्षात जरा कसंसंच झालं. गारठा असेल.

१० फेब्रुवारी
दाढेचं रूट कॅनल. नवीन डेंटिस्ट, कोवळा मुलगा. कार्डावरचं आडनाव वाचून हातातलं यंत्र खालीच ठेवलं. आप सिद्धेश भैया की मम्मी? मग 'नौ नंबर' या गाण्याबद्दल बोलत राहिला. म्हणे, परीक्षेत नापास झालो होतो तेव्हा तेच एक गाणं होतं. आप तो जानती होंगी आंटी, उसी हॉस्टलवाले साल का गाना है, जब वो किसी से बात नहीं करते थे.
तोंडात कापूस होता. मान हलवली. हो, जाणते.
जाणत नव्हते. कानपूरच्या हॉस्टेलमधून सिद्धेश दर रविवारी फोन करायचा आणि ठीक है म्हणायचा. मी ह्यांना सांगायची, पोरगं रमलंय.

११ फेब्रुवारी
'नौ नंबर' लावलं. सुरुवातीला ड्रम नाहीत, नुसती गिटार, आणि त्याचा आवाज अगदी खालचा. मी बंद केलं, कारण कुकरची शिट्टी होणार होती.
(कुकर नंतर लावला. पण होणारच होती.)

१३ फेब्रुवारी
सिद्धेशचा मेसेज. नव्या गाण्याच्या शेवटी चौघांच्याही आयांचे आवाज घालायचेत. कौनसा गाना पसंद है और क्यों, व्हॉइस नोट भेज दे.
सकाळी गरम पाण्याच्या गुळण्या. आरशासमोर उभी राहून केलं. इंग्लिशमध्ये, कारण अल्बम बाहेरही जाणार. 'नौ नंबर'च्या हार्मनीबद्दल बोलले, क्वायरचा संदर्भ दिला, अ मदर्स हार्ट वगैरे. तेवढ्यात कल्पनाताई आल्या दाराशी, गाडीचं विचारायला. त्यांच्याशी बोलत बोलतच पाठवलं. एका टेकमध्ये!

१४ फेब्रुवारी
सिद्धेशचं उत्तर: आई, ये तो कमाल है. पूरा रख लूँ? कुछ काटूँगा नहीं.
मी लिहिलं, अवश्य. डोंट कट अ वर्ड.
ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, तू काय बोललीस ते परत ऐकलंस का एकदा? मी म्हटलं, कलाकार स्वतःचं ऐकत बसत नाहीत.

२२ फेब्रुवारी
आठवड्याचा हिशेब अल्बमच्या बाबतीत किंचित कमी पडतोय. सोमवारी पाण्याची टाकी. मंगळवारी इयरफोनच्या एकाच बाजूने ऐकू येत होतं, आणि अर्धं ऐकणं म्हणजे कलेचा अपमान. बुधवारी इयरफोन बरे होते, मी नव्हते. पुढे होळीच्या गुजियांचा खवा.
कल्पनाताईंचा फोन. एखाद्या गाण्याचे शब्द सिद्धेशकडून मागवून पाठव, म्हणजे आम्हाला मागे म्हणता येईल. मी म्हटलं, रॉकमध्ये तशी पद्धत नाही.
नवीन संकल्प: अठ्ठावीसला थेट ऐकणार. कोरी पाटी घेऊन जाणार. हेच जास्त प्रामाणिक.

२७ फेब्रुवारी
सिद्धेश आला. बँडबरोबर हॉटेलात उतरलाय, पण दुपारी जेवायला घरी. केस पांढरे व्हायला लागलेत माझ्या मुलाचे. मटारचा निमोना दोनदा घेतला, मग सोफ्यावर झोपला, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचा तसा. जाताना म्हणाला, कल आना ज़रूर. लास्ट गाने तक रुकना.
मी म्हटलं, म्हणजे काय. मी तुझी सगळ्यात जुनी फॅन आहे.
तो माझ्याकडे पाहून हसला. लबाड हसू नव्हतं. त्यानेच जास्त अस्वस्थ वाटतंय.

१ मार्च, सकाळी
लिहायचं नव्हतं. पण डायरीतून काही गाळायचं नाही, हा नियम म्हणजे नियम.
गोमतीनगरमधला हॉल गच्च भरला होता. पोरं उभी, आम्ही मंडळाच्या बायका पुढे खुर्च्यांवर, कांजीवरम नेसून. पहिल्याच गाण्याला कल्पनाताईंनी पदराखाली कान झाकले. म्हणाल्या, प्रणिता, भावगीत कधी आहे गं?
'नौ नंबर'ला मागची सगळी मुलं शब्द न् शब्द म्हणत होती. परक्यांची मुलं. मी नुसते ओठ हलवले. कॅमेरा आमच्यावरून फिरवून पडद्यावर दाखवत होते, म्हणून.
मग शेवटचं, नवं. गाणं संपत आलं आणि एकेका आईचा आवाज. माझा सगळ्यांत शेवटी. माझं इंग्लिश हॉलभर घुमलं, अ मदर्स हार्ट. मी खुर्चीत ताठ बसले. आता टाळ्या, असं वाटलं.
तर पुढे दाराची बेल. मग कल्पनाताई: कसली गाणी गातो गं हा? आणि मग मी, घरच्या मराठीत: "अहो कसली काय, एकही पूर्ण ऐकलेलं नाही मी. सुरू झालं की छातीत धडधडतं. वाटतं, हा एवढा का ओरडतोय, कुणी काही केलंय का माझ्या पोराला? मग बंद करते. त्याला नका सांगू हं."
गाणं तिथेच संपतं. पडद्यावर खाली हिंदीत भाषांतरही होतं.
मुलांनी जो आवाज केला, तसा मी आयुष्यात ऐकला नाही. सगळा हॉल उभा. तो डेंटिस्ट मुलगा मागे होता, रडत होता. मंडळाच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. कल्पनाताई मात्र माझा दंड धरून, अगं माझाही आवाज आला! कॅसेटमध्ये माझाही आवाज आला!
मी मांडीवरच्या पर्सचा बंद बघत बसले. वर बघवेना.
नंतर सिद्धेश खाली आला. मी म्हणायला लागले, अरे तो भाग चुकून... फोन बंद करायचा राहिला... त्याने मला जवळ घेतलं. घामाने चिंब होता. कानाशी म्हणाला, पता है आई, मुझे पता था. हमेशा से. मैंने पूछा था ना, पूरा रख लूँ?
येताना गाडीत ह्यांनी नुसती माझ्या बाजूची काच वर केली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

२ मार्च
बँड सकाळच्या विमानाने गेला. विमानतळावर गेले नाही. डोकं दुखत होतं.
मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय, स्टेबिलायझरचं आता कळलं बरं का! खाली हसणारे चेहरे. मीही एक टाकला.

३ मार्च
सकाळी फोन बघितला तर सिद्धेशची व्हॉइस नोट. चांगली लांब. आता म्हणणार, जे तोंडावर म्हणाला नाही ते. हॉस्टेलबद्दल. मी कधी विचारलं नाही त्याबद्दल.
आधी गुजिया तळल्या. मग झाडांना पाणी. मग ह्यांचं बीपी मोजलं, मग माझं. यंत्राने माझं दोनदा एरर दाखवलं.
शेवटी गॅरेजात गेले, स्कूटरवर बसले आणि लावलं. ठरवलं, काही झालं तरी बंद करायचं नाही.
आई, सुन, वो लंबी तारवाला चार्जर सोफे के पीछे रह गया है शायद. मग बराच वेळ कुणाशी तरी बोलतोय, सामान कुठे ठेवायचं वगैरे. मग टॅक्सीचं दार. मग परत, हाँ आई, सफेदवाला, कुरियर करवा दे. गुजिया भी डाल देना, टूटेगी तो टूटेगी. मग हॉर्न. मग नुसता रस्त्याचा आवाज. तोही माझ्यासारखाच रेकॉर्डिंग बंद करायला विसरला होता.
रस्ता संपेपर्यंत ऐकलं. सिद्धेशचं हे पहिलंच रेकॉर्डिंग, जे मी शेवटपर्यंत ऐकलं.
चार्जर सापडला. तसं कळवायला माइकचं बटण दाबणार होते. टाइप केलं.