शिखराचा नवस बोलू नका

मनाली

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. फोनवर आई शेजारीच असते, म्हणून लिहिते आहे. नोकरी नीट चालली आहे, दोन्ही वेळा जेवते.

पुढच्या महिन्यात मी आणि आपल्या देवरूखची वेदिका एक शिखर चढणार आहोत. काल चढाची वाट सुरू होते ती जागा बघून आलो. आपल्या कातळाच्या सड्यासारखी उघडी, पण ढगांच्या उंचीवर. वीज कडाडली की झाडाखाली थांबू नकोस, हे तुम्ही मला शाळेच्याही आधी शिकवलंत. तिथे झाडच नाही. सगळ्यात उंच आपणच. दुपारी ढग आले तर असू तिथून मागे फिरायचं, असं मी वेदिकाकडून कबूल करून घेतलं. ती म्हणाली, "चढायच्या आधीच उतरतेस काय गो!"

भात निसवलं का, लोंब्या दिसायला लागल्या? आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही देवळात गाऱ्हाणं घालणारच. पण पोर शिखरावर पोचली तर नारळ देईन, असा नवस नका बोलू. मग नारळासाठी देव मला अर्ध्यावरून फिरवणार नाही. तिला घरी आण, एवढंच मागा.

तुमची,
राही