ताग्यांच्या तिकिटांची भिंत

प्रिय आत्या,

काय झालं ते आधी क्रमाने सांगते. माझं मत नंतर.

१. तुझ्या दहाव्याला बाणगंगेवर अण्णांनी तुला शब्द दिला की तुझ्या भिंतीला कुणी हात लावणार नाही.

२. गेल्या आठवड्यात मंगळवारी मी ऑफिसात असताना अण्णांनी आणि वसंताने ती भिंत ओल्या फडक्याने भिजवून सुरीने खरवडली.

३. संध्याकाळी मी विचारलं, कागद कुठे आहेत? आई म्हणाली, गॅलरीत वाळत घातलेत. सकाळी ते बंबात गेले. त्या पाण्याने मी आंघोळ केली. मला नंतर कळलं.

४. भिंतीला पोपटी डिस्टेंपर लागला.

५. येत्या रविवारी वसंताचा साखरपुडा आहे. नलूच्या आईसमोर मी असं सांगायचं ठरलं आहे की तुझ्या कागदांत ढेकूण झाले होते, म्हणून भिंत साफ केली.

पत्र लिहिण्याचं कारण हे पाचवं कलम आहे. बाकीची चार मी गिळली असती. मला किळस आली आहे, आत्या. हा शब्द मी जपून वापरते, तुला माहीत आहे. उष्ट्या भांड्यांची मला कधी किळस आली नाही, आणि तुझ्या आजारपणात तुझं सगळं केलं तेव्हाही नाही. आता घरातल्या माणसांची येते, आणि जेवताना त्यांच्याकडे बघवत नाही.

तू ज्याला भिंत म्हणायचीस ते खरं तर खोक्यांच्या फळ्यांचं पार्टिशन. अलीकडे बैठकीची खोली, पलीकडे स्वयंपाक. फळ्यांवर मूळचे छापील शिक्के होते, खिळ्यांची भोकं होती, आणि वसंताने लहानपणी काढलेलं एक आगगाडीचं इंजिन होतं. त्यावर तू काय काय लावलंस! शेजारचे सावंतमामा गिरणीत मागावर. कापडाच्या ताग्यावर चिकटवायची रंगीत तिकिटं छपाईत बिघडली की फेकून देत, ती ते तुझ्यासाठी आणायचे. दारातूनच हाक यायची, "गो बाय, आज हत्ती इलो! सोंड जरा वाकडी आसा, चलात मां?"

तुला सगळं चालायचं. मोराचा निळा रंग सरकून त्याच्या अंगाबाहेर पडला होता. मी म्हटलं, "आत्या, हा छापा चुकलाय." तू म्हणालीस, "चुकला नाही गं, उडायला निघालाय." आणि त्याला खिडकीजवळ लावलंस.

तुझी खळ मला अजून करता येईल. मैदा, पाणी, मंद शेगडी, सतत ढवळणं, आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद. त्या मोरचुदामुळे किडा-मुंगी त्या भिंतीकडे फिरकत नसे. कागद मधून लावायला घ्यायचा आणि ओल्या फडक्याने कडेकडे न्यायचा, म्हणजे हवा राहत नाही. चहाच्या पुड्यांची चांदी सपाट करून तिकिटांच्या मधल्या फटीत. लग्नपत्रिकांचे गणपती वरच्या ओळीत. दिवेलागणीला कंदिलाची वात मोठी केली की ती चांदी अशी चमकायची की आमची दहा बाय बाराची खोली कुणातरी राजाची वाटायची. विकतचं त्यात काय होतं? मैदा आणि मोरचूद!

आणि पार्टिशनवरच्या मांडणीच्या फळ्यांची झालर! संचारबंदी लागली होती, रस्त्यावर शिट्ट्या वाजत होत्या, अण्णा दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासत होते, आणि तू शांतपणे वर्तमानपत्रांच्या घड्या घालून कात्री चालवत होतीस. अण्णांचं वर्तमानपत्र एका बाजूचं, सावंतमामांचं दुसऱ्या. कातरल्यावर फळीवर दोन्ही शेजारी शेजारी लागली. "आता ओळखा कुठलं कुणाचं," म्हणालीस.

चाळीतली पोरं मोर्च्यासाठी पताका मागायला आली तेव्हाही तसंच. "आत्या, उद्याच पायजेत! झालाच पाहिजे लिहायचंय त्यावर!" तू रात्रभरात केल्यास आणि वर त्यांना दम दिलास, "मुंबई मिळो न मिळो, पताका वाकड्या लावल्यात तर बघा." मुंबई अजून मिळायची आहे. पताका सरळ लागल्या होत्या, एवढं मी पाहिलं.

माझ्याशी मात्र तू भांडायचीस. मी ट्रेसिंगचं काम शिकून आले आणि पहिल्याच दिवशी म्हटलं, कोपऱ्यातली झालर पाव इंच वर गेलीय. "सुमे, हे घर आहे, नकाशा नव्हे." मी पट्टी लावून दाखवली. तू पट्टी काढून घेतलीस आणि तिने पाठ खाजवलीस! ती झालर शेवटपर्यंत पाव इंच वरच राहिली. मला ती रोज दिसायची. आता तिथे पोपटी रंग आहे, अगदी एकसारखा, आणि मला तिथे बघावंसं वाटत नाही.

हे सगळं सुरू झालं नलूच्या घरची माणसं दादरहून पहिल्यांदा आली त्या दिवशी. तू पार्टिशनमागे पोहे भरत होतीस, त्यामुळे तू ऐकलंस. नलूची आई म्हणाली, "अगबाई, हे सगळं कागदच? रंगाचा खर्च वाचत असेल नाही?" आणि मग, "पण अशात ढेकूण होतात हो. आमच्या नलूला सवय नाही."

अण्णा हसले. आत्या, ते हसले! म्हणाले, "छे छे, ते आमच्या ताईचं आपलं काहीतरी." तू त्यांच्याहून मोठी. विधवा होऊन माहेरी आलीस ती याच माणसाला शिकवायला, आणि पुढे त्याची दोन्ही मुलं वाढवायला. आणि तू आतून ऐकून काय केलंस? पाहुणे गेल्यावर मला विचारलंस, "पोह्यांत मीठ कमी होतं का गं?"

याचा मला राग आहे. तू एकदा तरी बाहेर येऊन सांगायला हवं होतंस की बाई, बोट फिरवून बघा, आणि बोटाला काय लागतं ते मला दाखवा. का नाही सांगितलंस? तुझं गप्प बसणं या घराला इतकं सवयीचं झालं की तू मेल्यावरही त्यांनी ते गृहीत धरलं.

बाणगंगेवर मी हट्टाने आले होते. पिंडाला कावळा शिवेना. अण्णा म्हणाले, "वसंताचं लग्न थाटात करू." नाही. "सुमनचंही बघू." नाही. गुरुजी उन्हाकडे बघून म्हणाले, "आठवा, आणखी काही राहिलंय का मनात?" तेव्हा अण्णांनी हात जोडले. "ताई, तुझी भिंत आहे तशी ठेवू. कुणाला हात लावू देणार नाही." आणि कावळा उतरला.

कावळ्यांना भूक लागते. मी त्यावरून काहीही सिद्ध करत नाही. पण शब्द मी माझ्या कानांनी ऐकला, आणि तो कावळ्याला दिलेला नव्हता.

रंग लागला त्या संध्याकाळी मी अण्णांना हेच विचारलं.

"अगं, ते त्या वेळेपुरतं," ते म्हणाले. "गुरुजींना पुढे दोन ठिकाणी जायचं होतं. उन्हात किती वेळ उभं राहायचं?"

"आणि आत्याला दिलेला शब्द?"

"गेलेल्या माणसाला काय कळतंय?"

घाटावर ज्या तोंडाने तुला हाक मारली त्याच तोंडाने हे म्हणाले, आत्या. वर म्हणाले, "तू इंजिनियरच्या ऑफिसात आहेस. तुझ्या बोलण्याला वजन आहे. रविवारी तूच सांग ढेकणांचं. म्हणजे त्यांची खात्री पटेल की आता सगळं साफ आहे."

म्हणजे नलूच्या आईचं खरं ठरवायचं, आपण नीटनेटके ठरायचं, आणि घाण तेवढी तुझ्या नावावर टाकायची. तू उत्तर द्यायला नाहीस, हाच त्यांचा सगळा हिशोब. त्या रात्री मी बॅटरी आणि ऑफिसातलं भिंग घेऊन पार्टिशनच्या मागच्या बाजूची प्रत्येक फट पाहिली, जिथे रंग पोचलेला नाही. अंडं नाही, डाग नाही. काही नाही.

आईने मात्र बातमी आधीच गॅलरीत पोचवली होती. सावंतमामींनी ऐकलं आणि आपल्या सगळ्या गाद्या कठड्यावर आणून आपटल्या. "तिकटां आमच्या घोवान दिल्ली. म्हणजे ढेकूण आमच्याकडसून इले, असां म्हणणा तुमचा? येवा, बघा, एक तरी गावता काय!" आई म्हणाली, तसं नव्हे हो, कागदात होतात. मामी म्हणाल्या, "ढेकणाक कागद कित्याक व्हयो? त्येका माणूस व्हयो!" आणि दार लावलं. तेव्हापासून ते दार आमच्यासाठी उघडलेलं नाही. सावंतमामा जिन्यात भेटले तर खाली बघून जातात.

जिथे मोर होता तिथे आता तिपाईवर प्लॅस्टिकचे गुलाब आहेत. लाल नव्हे, औषधाच्या गोळीसारखे गुलाबी. त्यांना रबराचा वास येतो. आई कौतुकाने सांगते, "धुता येतात." तुझ्या वस्तूंना धुवायची पाळीच कधी आली नाही. दर दिवाळीला तू मळलेलं तेवढं उतरवून नवं लावायचीस!

वसंताबद्दलही सांगायला हवं. तो काल माझ्यामागे गॅलरीत आला. "सुमे, एक वाक्य बोलायला तुझं काय जातं? आत्याने मला माफ केलं असतं." केलं असतंस, म्हणून तर तो एवढ्या सहज मागतो. पण त्याचे डोळे रडलेले होते. त्याला नलू मनापासून आवडते. आणि नलूचा यात काही दोष नाही. त्या दिवशी तिची आई बोलत असताना ती त्या मोराकडेच बघत होती. मी खरं बोलले तर अण्णा चार माणसांत खोटे पडतील, आणि नलूची आई पुढ्यातलं ताट सारून उठू शकते. मोडलं तर वसंताचं मोडेल.

एक गोष्ट मी ठरवली आहे आणि तिच्यासाठी तुझं मत मागत नाही. ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. रविवारी नाही, आणि पुढे कधीही नाही. या घरात तुला घाणेरडी ठरवायला माझा आवाज कुणाला मिळणार नाही, हे माझं वचन.

प्रश्न उरतो तो एवढाच. मला विचारलं की मी गप्प उठून आत जायचं, की सगळ्यांसमोर सांगायचं की भिंत स्वच्छ होती, आम्हाला तिची लाज वाटली, म्हणून आम्ही ती जाळली? नाव तुझं आहे, आणि वसंताला तू वाढवलंस. म्हणून विचारते.

शनिवारी संध्याकाळपर्यंत कळव. उत्तर आलं नाही, तर मी बोलणार आहे.

तुझी,
सुमन
लालबाग, गुरुवार