दोन ढ आणि मी

शुक्रवार, २ मे

पुन्हा तेच! उत्तर बरोबर, मार्क अर्धे! मिसेस हॉलंडनं लाल पेनानं लिहिलंय — ‘एक्स्प्लेन.’ काय एक्स्प्लेन? फॉर्म्युला लिहिला, आकडे घातले, उत्तर आलं. आता काय त्याची गोष्ट सांगू? नागपूरला इंगोले सरांच्या क्लासमध्ये पहिली यायची मी. सर म्हणायचे, ‘काहून ते विचारू नका, पाठ करा!’ तो खरा शिक्षक. ही बाई गोड हसते आणि सी मायनस देते.

आणि कॉलेजचं पत्र स्पष्ट आहे. वर्षाच्या शेवटी फिजिक्समध्ये बी नसेल तर इंजिनियरिंगची सीट गेली. म्हणजे सगळं आता फायनलवर. बाबांना सांगायची हिंमत नाही. आईला सांगितलं. ती मेथी निवडत राहिली.

शनिवार, ३ मे

सुमेधा काकूंचा आईला फोन — ‘आमच्या जुळ्यांना जरा फिजिक्स शिकवेल का मैत्री?’

घ्या! रुही आणि कुशल माझ्याच शाळेत, माझ्याच वर्षाला, फक्त फिजिक्सचा तास वेगळा; जन्मले इथं, वाढले इथं, आणि शिकवायला पाहिजे दोन वर्षांपूर्वी आलेली नागपूरची मुलगी! म्हटलं, मला माझा अभ्यास आहे. तर आई — ‘जा गं. शिकवलं की आपलंही पक्कं होतं.’ बरं. उपकार म्हणून जाते.

रविवार, ४ मे

कर्म माझं! काकूंच्या बेसमेंटमध्ये जयंतीच्या निळ्या पताका अजून लटकतायत, त्याखाली व्हाइटबोर्ड, आणि सोफ्यावर कुशल लोळतोय, पोटावर चिप्सची पिशवी. पुस्तक कुठंय? ‘लॉकर.’ वही? ‘ओह.’ अरे, फायनल आली! ‘चिल, यार.’

रुही त्याहून पुढची. तिनं नियम काढलाय — मी बोर्डावर शिकवायचं, त्यांनी फक्त ‘व्हाय?’ विचारायचं. सतरा वर्षांची घोडी, आणि दोन वर्षांच्या पोरासारखं व्हाय, व्हाय, व्हाय! नागपूरला आमच्या शाळेत असं विचारलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

रविवार, ११ मे

उद्या बुद्धपौर्णिमा म्हणून काकूंकडे आजच वंदना झाली, खीर झाली. सगळ्या प्राणिमात्रांचं भलं चिंतून खाली बेसमेंटमध्ये आले आणि लगेच कुशलचा गळा दाबावासा वाटला.

लिफ्टचं गणित. लिफ्ट वर सुटताना वजनकाटा जास्त का दाखवतो? एका ओळीचा फॉर्म्युला. दिला. रुही — ‘पण मला कोण पुश करतंय?’ अगं, फॉर्म्युल्यात अधिक आहे म्हणून! ‘दॅट्स नॉट अ पर्सन, मैत्री.’ कुशल खी खी हसला. मी म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय! दोघांना कळलं नाही. बरंच झालं.

पण कोण ढकलतंय? घरी येऊन अर्धा तास छताकडे बघत बसले. काटाच ढकलतो! नुसतं तोलून धरायचं नसतं, वर वेग द्यायचा असतो, म्हणून जास्त जोर. एवढं साधं त्या बयेला सुचू नये?

बुधवार, १४ मे

छोटी टेस्ट. बी प्लस. मिसेस हॉलंड म्हणे, ‘समथिंग चेंज्ड.’ काही नाही हो, ढ मुलांना शिकवून शिकवून माझी जीभ सैल झालीय.

रविवार, १८ मे

आज तर कहर! बादली डोक्यावरून गोल फिरवली तर पाणी का पडत नाही? मी फॉर्म्युला लिहिला. रुही — व्हाय? दुसऱ्या मार्करनं पुन्हा लिहिला. व्हाय? शेवटी मी चिडून दोघांना बागेत नेलं, बादली भरली आणि तिच्या हातात दिली — घे, फिरव! बाईसाहेबांनी इतकी हळू फिरवली की सगळं पाणी कुशलच्या डोक्यावर. तो ओरडतोय, काकू खिडकीतून ओरडतायत, आणि मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडतेय — ‘वर गेल्यावरही पाणी पडतंच असतं गं! पण जोरात फिरवलीस तर बादली त्याच्याहून जोरात खाली खेचली जाते, तळ पाण्याला ढकलत नेतो, पाणी मागे राहणार कसं!’

मग रुहीनं कुशलकडे बघितलं आणि दोघांनी टाळी दिली. बापरे! एकदाचं शिरलं डोक्यात! तरी एक अक्षर लिहून घेतलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

रविवार, २५ मे

कुशल विचारतो, ‘मैत्री, आर यू नर्व्हस?’ म्हटलं, नर्व्हस तुम्ही व्हा! काकू बिचाऱ्या प्रत्येक रविवारी पोहे करतात, आणि या दोघांना परीक्षेची भीती म्हणून नाही. बापाचं घर आहे ना पाठीशी! आमचं काय? माझी सीट गेली तर बाबा कोणाला तोंड दाखवतील? जयंतीला स्टेजवरून सगळ्यांना सांगून बसलेत, मुलगी इंजिनियर होणार म्हणून.

रडू आलं. त्यांच्यासमोरच. शी! रुहीनं पाण्याचा ग्लास दिला आणि पहिल्यांदाच व्हाय विचारलं नाही.

मंगळवार, ३ जून

झाली फायनल! शेवटचा प्रश्न — उलट्या झालेल्या रोलर कोस्टरमधला माणूस पट्टा नसतानाही का पडत नाही? समीकरण न वापरता लिहा. मी दीड पान लिहिलं! हात थांबेना. प्रत्येक वाक्यानंतर रुहीचा तो चिकट आवाज कानात — व्हाय? — की पुढचं वाक्य तयार.

आणि ती दोघं? आलीच नाहीत! सगळ्या तुकड्या एकत्र, तरी वर्गात आम्ही मोजकेच होतो, सगळे रडव्या तोंडाचे. फायनलला दांडी! झोपले असतील, दुसरं काय. इतके रविवार मी घसा फोडला तो यासाठी? सुमेधा काकूंची कीव येते. उद्या जाऊन दोघांना चांगलं फैलावर घेते.

बुधवार, ४ जून

निघाले तशी आईनं दारात अडवलं. म्हणाली, ‘आधी ऐक. फोन सुमेधानं नाही केला, मीच तिला केला होता. तू कुणाची मदत घेतली नसतीस.’ मग तिनंच सांगितलं, इथं शेवटच्या वर्षाला ज्यांना ए असतो त्यांना शाळा फायनल माफ करते. परीक्षा माफ! असं काही असतं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्या दोघांना वर्षभर ए होता.

तरी गेले. रुहीनं दार उघडलं. मी विचारलं, ‘मग दर रविवारी तू बेसमेंटमध्ये काय करत होतीस?’

‘आस्किंग यू व्हाय,’ ती म्हणाली.