जिते बांगडे

१० नोव्हेंबर, सोमवार
मांगर झाडून काढला. गायी गेल्यापासून रिकामाच होता. आता तिथे माझी भट्टी, ऐरण आणि वेल्डिंगचं मशीन. नवऱ्याने, म्हणजे महेशने, दारावर बोर्ड लावला. नाव माझं, अक्षर त्याचं, म्हणून तिरकं. सासूबाई म्हणाल्या, "बायल माणसाचा नाव लोखंडाच्या दुकानार! आता अख्खो आचरा बघूक येतलो." येऊ दे की! नक्षीची गेटं, ग्रिल, जिन्याचे कठडे, हवं ते करून देऊ.
मामाला फोन केला. उचलला नाही.

११ नोव्हें.
सकाळपासून मामाच डोक्यात. आठवीत होते तेव्हा वैभववाडीला त्याच्या कारखान्यात पहिल्यांदा हातोडा धरला. एकोणीस वर्षं तिथेच. लग्न होऊन इकडे आले तरी आठवड्याचे चार दिवस एसटीने तिकडे. दिवाळीत सांगितलं, आता माझं स्वतःचं सुरू करते. तर म्हणाला, "खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकूचा नाय आणि तूव टिकूचंस नाय. तीन म्हयन्यात परत येतलंस." तेव्हापासून अबोला.
काही झालं तरी परत जाणार नाही. लिहून ठेवते.

१४ नोव्हें.
पहिली ऑर्डर!!! तोंडवलीच्या काकी, महेशच्या नात्यातल्या. काका मासेमारी करतात, काकींनी घराला चार खोल्या जोडून पर्यटकांची सोय केलीय. नाताळच्या आधी गेट हवं. मी मोर सुचवला, द्राक्षाचा वेल सुचवला. काकी म्हणाल्या, "मोर खंयचो गो हय? बांगडे कर. अकरा." अकराच का, ते विचारायचं राहिलं.

१७ नोव्हें.
मामाचं घर माळकरी. त्याच्या नक्षीच्या वहीत पानं, फुलं, हंस सगळं आहे, मासा नाही. मी मासे खायला शिकले लग्नानंतर. साफ करायला अजून नाही. सासूबाईंना म्हटलं बांगडे आणा, आकार काढायचाय. मी हात धुऊन येईपर्यंत त्यांनी ताटात मांडूनही ठेवले. त्यातला देखणा बघून कागदावर ठेवला आणि भोवती पेन्सिल फिरवली. मग तो तळून खाल्ला. झकास होता.

२९ नोव्हें.
बारा दिवस नुसती ठोकाठोक. पत्रा कापायचा, मागून ठोकून पोट फुगवायचं, छिन्नीने खवले उठवायचे. दहा झाले, एक राहिला. मागची बाजूसुद्धा घासून गुळगुळीत केली. मामा कुठलंही काम आधी मागून बघतो. पुढून सगळेच बघतात, म्हणतो.
बोटं सुजलीत. खूश आहे.

४ डिसेंबर
अब्रू गेली.
गेट बसवलं, कापड काढलं. सगळी वाडी जमलेली. काका पुढे आले, एका माशावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अगो, ह्ये तर साफ केलेले आसत!"
झालं! माणसं हसून हसून वाळूत बसली. बांगड्यांना पोहायचे पर नाहीत, शेपटीची टोकं नाहीत. सासूबाईंनी सवयीने पर कापूनच ताटात मांडले होते आणि मी शहाणीने तेच गिरवले. अकराच्या अकरा तव्यात जायला तयार. मागून कोणीतरी ओरडलं, "मसालो लावूक इसारलंस गो!"
तिथे मीही हसले. घरी येऊन रडले.
काकी तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या दारार मेलेले मासे नको. जिते होयेत. वीस तारखेपर्यंत कर, नायतर ऱ्हवांदे."

५ डिसें.
सासूबाईंनी दोनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा मागताना त्यांनाच हसू फुटलं. मग मलाही.
पण पर म्हणजे कागदासारखा पातळ पत्रा. जोडायला गेलं की जळतो. तो न जाळता जोडावा मामानेच. महेश म्हणतो, फोन कर. फोन हातात घेतला, परत ठेवला. म्हणजे तीन महिन्यांचा त्याचा शब्द खरा करायचा? मुळीच नाही.

८ डिसें.
पहाटे तोंडवलीला, रापण ओढायला. मीही दोर धरला. जाळं वाळूत आलं आणि बाई गं! बांगडे नुसते उसळत होते, निळे, हिरवे. काकींनी एक माझ्या हातात दिला. "घट धर. मगे कळात." शेपटीजवळ वर पाच आणि खाली पाच बारीक पर. मोजून होईतो निसटला आणि त्याच्यामागे मी वाळूत आडवी.
माझे बांगडे फळीसारखे सरळ होते. जिता मासा सरळ नसतोच.

१६ डिसें.
गेट परत मांगरात. जुने अकरा कापून काढले, नवे केले. बारीक परच एकशेदहा. पहिले सोळा जळाले. सतराव्याला मामाचं द्राक्षाचं पान आठवलं. देठापाशी तो पत्रा दुमडून जाड करायचा आणि त्या जाड जागीच जोडायचा. तसं केलं. जमलं! फोन न करता मामालाच विचारलं म्हणायचं.

२० डिसें.
बसवलं. काकांनी पर मोजले. मग म्हणाले, "ह्ये माझ्या जाळ्यातले." काकी उगाच गेट उघडत होत्या, लावत होत्या. अकराचं विचारलं शेवटी. म्हणाल्या, "आमची होडी पयल्यांदा दर्यात गेली, तेव्हा अकराच बांगडे गावले. त्या दिवशी मी लय रडलंय." आणि हसल्या.
त्यांच्या हातचा चहा दोनदा प्यायले.

२८ डिसें., रविवार
मामा आला! न सांगता, आधी थेट तोंडवलीला. काकींचा फोन आला, "एक म्हातारो गेटाच्या मागना काय ता बघता हा." धावत गेले. चष्मा कपाळावर, बोट परांच्या सांध्यांवर.
"मागना बरा आसा," म्हणाला. "पुढचा माका कळना नाय."
चहा झाल्यावर पिशवीतून नक्षीची वही काढली. हायवेवरच्या खानावळवाल्याने या गेटचा फोटो बघितलाय, त्याला मामाकडून तसेच मासे हवेत. वहीत मासा नाही. कोरं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. तीन महिने झाले नाहीत आणि कोण कोणाकडे आलं, हे अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.
"कागदार काढून देवचंय नाय," मी म्हटलं. "उद्या पहाटे रापण आसा. चल."
"हात लावूक लागतलो?"
"व्हय. जितो."
"खाऊक नको मां?"
"नको."
गळ्यातली माळ बोटांत फिरवली. मग म्हणाला, "पावणेपाचाक हाक मार. येतंय काय नाय, ता तेव्हाच सांगान."